बाप्पा सध्या वरच्या मजल्यावर

मंडळी, एक विचारायचंय.

अख्खा आठवडा सासूबाईंच्या आजारपणात आणि हॉस्पिटलच्या चकरांत गेला. त्या काल घरी आल्या आणि आज लखनौत असा पाऊस झाला की तासाभरात आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी!

शाडूचे बाप्पा चौरंगावर, पाणी अगदी चौरंगाच्या फळीला टेकलेलं. आणि आम्ही नवरा-बायको वाद घालतोय, उत्तरपूजेआधी मूर्ती हलवावी का!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आंटी आल्या. "बहस बाद में!" म्हणत त्यांनी बाप्पांना कडेवर घेतलं, सासूबाईंचा हात धरला आणि दोघांना वर नेलं.

दोन वर्षांत आज पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, आरतीला.

आता पाणी ओसरलंय. पण बाप्पांना खाली आणावंसंच वाटत नाहीये. तुम्ही आणाल?