अमेरिकेच्या रीतीने पडलेले मामा

साऱ्या मराठवाड्यात अमेरिकेची एवढी काळजी वाहणारा माणूस माझ्या मामांशिवाय दुसरा झाला नसेल. मामा पुसेगावचे. शेती बऱ्यापैकी, मिशा त्याहून बऱ्या. निजामाच्या काळात ते शिकायला हैदराबादेत होते. तिथे इंग्रजीच्या एका मास्तरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्यात झालेली गव्हर्नरची निवडणूक वर्गात रंगवून सांगितली. मास्तरांनी बाकी जे शिकवलं ते मामा परीक्षेआधीच विसरले; ही निवडणूक मात्र अंगात शिरली ती कायमची. पारावर विषय पीकपाण्याचा असो की सोयरिकीचा, मामा तो बराबर गव्हर्नरापाशी आणून सोडत. "तिथं गव्हर्नर दारोदार हिंडून मतं मागतो, लेकहो!" असं ते म्हणाले की एखादा म्हातारा हमखास विचारी, "राज्यपालच मतं मागून राहिला, तर मग मुख्यमंत्री काय करतो?" मामा त्यावर कीव आल्यासारखं नुसतं हसत. उत्तर त्यांनाही ठाऊक नसावं.

बहात्तरच्या दुष्काळाआधी मामा स्वतःच ग्रामपंचायतीला उभे राहिले, तेही सख्ख्या चुलतभावाविरुद्ध, म्हणजे तात्यांविरुद्ध. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद पडून कैक वर्षं लोटली होती. तात्यांना पाडायचंच, हा मामांचा हट्ट, आणि पाडायचं ते अमेरिकेच्या रीतीने. तिथले उमेदवार लेकरांचे मुके घेतात, असं मास्तरांनी सांगितलेलं. मामांनी वॉर्डातलं एक लेकरू सोडलं नाही. तपकिरीचा वास आणि मिशांचे काटे यांमुळे लेकरं असं भोकाड पसरत की त्या आठवड्यात घरोघर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टी काढल्या गेल्या. तिथले उमेदवार आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून भाषण करतात, हेही मामांना पक्कं आठवत होतं. पुसेगावात आगगाडी नाही, ही अडचण त्यांनी क्षुल्लक मानली. बाजाराच्या दिवशी ते हिंगोलीला आले, तिथे नोकरीला असलेल्या मला सोबत घेऊन स्टेशनावर गेले, आणि शेवटच्या डब्याच्या दारात उभं राहून "बंधुभगिनींनो" म्हणाले. त्यांच्या वॉर्डातला मतदार समोर एकच होता, तोही जावयाला पोचवायला आलेला. भाषण रंगात आलं, गाडीने शिट्टी दिली आणि मामा हात हलवत वसमतला निघून गेले. परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गाडी सुटल्यावर टाळ्या पडल्या की न्हाई?" पडल्या होत्या. मी तसं सांगितलं.

मामा सपाटून पडले.

आमच्याकडे निवडून आलेल्याची मिरवणूक पडलेल्याच्या दारापुढे मुद्दाम थांबते आणि हलगी तिथेच सगळ्यांत जोरात वाजते. पडलेल्याने दार लावून आत बसायचं असतं. मी त्या दिवशी मामांकडेच होतो. हलगी जवळ आली तसे मामा उठले, धुतलेलं धोतर नेसले, आणि स्वतःसाठी आणून ठेवलेला झेंडूचा हार त्यांनी हातात घेतला. मामी दारात आडवी आली. "काहून जाऊन राहिले? अजून हसं करून घ्याचं हाये का?"

"पडलेल्यानं जिंकलेल्याला मुबारक म्हणाचं अस्तं. तिथली रीत हाये," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

त्यांना पाहून हलगी थांबली. तात्यांच्या पोरांनी बाह्या सरसावल्या. म्हातारा भांडायलाच आला, असं त्यांना वाटलं. मामांनी गुलालात माखलेल्या तात्यांच्या गळ्यात हार घातला. "तात्या, मुबारक हो."

तात्या बघतच राहिले. त्यांना अमेरिकेतलं काही ठाऊक नव्हतं. भाऊ आपल्याशी बोलला, एवढंच त्यांना कळलं, आणि डोळे भरून आले. "दादा, घराकडं चल," ते म्हणाले. पुढे मिरवणूक निघाली ती दोघांची मिळूनच. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

तात्यांकडून परतताना मामा मान खाली घालून चालत होते. मी म्हटलं, "मामा, वाईट वाटतंय का?"

"वाटून राहिलं की. लई वाटून राहिलं," मामा म्हणाले. मग थोडं चालून थांबले. "पर मला चहा बिनदुधाचा लागतो, हे तात्याच्या बायकोच्या अजून ध्यानात हाये रे."