अण्णांचं नाक

धर्माबादच्या मिरची बाजारात माझे वडील आडतीवर माल निवडायचे. मूठभर मिरची नाकाशी नेली की ती ओली आहे का, बुरशी धरलीय का, हे ते सांगायचे. अण्णांनी हुंगलं की पोतं उपसून बघायची गरज नसे.

एका हिवाळ्यात आई गॅसवर दूध ठेवून शेजारी गेली. अण्णा लगतच्या खोलीत पेपर वाचत होते. मी शाळेत शिकवून घरी आले, तर पातेलं काळंठिक्कर, स्वयंपाकघरात धूर आणि घरभर करपल्याचा वास.

"अण्णा, वास न्हाई आला का तुम्हाला?"

"न्हाई गं. कशाचा?"

मी त्यांना लई बोलले. घर पेटलं असतं, म्हणाले. ते पातेलं घासायला बसले.

पुढच्या हंगामात त्यांच्या हातून बुरशीचा माल चांगला म्हणून गेला. मालकांनी हळूच सांगितलं, "अण्णा, आता घरी आराम करा." वर्षानुवर्षं नाकात गेलेल्या मिरचीच्या खकाण्यानं नाक मेलं, असं आम्ही धरून चाललो.

तीन वर्षांनी अण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. शर्टाची गुंडी लागेना. नांदेडच्या डॉक्टरबाईंनी त्यांना चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली आणि विचारलं, "काका, वास कधीपासून येत नाही?"

मला अण्णांकडे बघवेना.

कंपवात निघाला. बाई म्हणाल्या, "मेंदूतल्या काही पेशी सतत राबतात. त्या कामात घातक कण तयार होतात, शेगडीतून ठिणग्या उडाव्यात तसे. शरीर ते विझवत असतं. विझवणं कमी पडलं की पेशी आतून खराब होतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हेच एक कारण नाही, पण हेही आहे. हात थरथरेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. वास तर कित्येकदा आधीच जातो."

"गेलेल्या परत येत्याल?" अण्णांनी विचारलं.

"नाही, काका. राहिलेल्या जपायच्या. रोज दम लागेल इतकं चाला. झोप पुरी घ्या. कीटकनाशकांच्या फवारणीपासून लांब राहा. पालेभाज्या, फळं खा. औषधानं हालचाल सुधारेल, पण आजार थांबेल असं मी म्हणणार नाही."

मी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं विचारलं. त्यांचा या आजारात फायदा दिसलेला नाही, असं त्या म्हणाल्या. तरी खाली मेडिकलमधून मी एक डबी घेतलीच.

परतताना एसटीत मी म्हणाले, "अण्णा, त्या दुधाच्या दिवशी मी उगाच बोलले."

"कोणत्या दिवशी?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की ते मला मोकळं करत होते, हे मी पुन्हा विचारलं नाही.

दोन वर्षं आम्ही रोज सकाळी स्टेशनपर्यंत चाललो. नंतर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडायचे. मी "एक, दोन" मोजायचे, मग पाऊल सुटायचं. पुढं मोजूनही सुटेना.

त्यानंतर काही वर्षांनी, एका दिवाळीनंतर ते गेले. शेवटच्या दिवसांत घास गिळताना त्यांना ठसका लागायचा. आई पातळ वरण चमच्यानं भरवायची, मी पाय चोळायचे.

"उद्या जाऊ गं चालायला," ते म्हणायचे.

"हाव, अण्णा," मी म्हणायचे.