मावशींचा सावेडीतला कार्यक्रम

नेवाशाजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. साठी उलटलेल्या, उंच, जराशा वाकलेल्या. मी बदली होऊन तिथं गेले त्याच आठवड्यात त्या तांदूळ निवडताना गुणगुणत होत्या, आणि मी वर्ग सोडून व्हरांड्यात आले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या वडिलांच्या टेम्पोत वर्षानुवर्षं एकच कॅसेट वाजायची. ऊसतोडीला निघालेली एक बाई आणि गावात मागं राहिलेली दुसरी, दोघींच्या बोलण्याचं गाणं त्यात होतं.

"मावशी, ऊसतोडीच्या गाण्याच्या त्या कॅसेटवरच्या तुम्हीच का?"

"व्हते कवातरी," त्या म्हणाल्या आणि सुपातले खडे वेचत राहिल्या.

पुढं एकदा मी त्यांना मुलांसमोर गायला लावलं आणि मोबाईलवर घेतलं. "मुलांसाठी घेते," असं सांगितलं होतं. संध्याकाळी ते भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं, मला पत्ताच लागला नाही. पंधरा दिवसांत लोक शाळेत येऊन मावशींबरोबर फोटो काढायला लागले. मग शहरात, सावेडीत स्टुडिओ असलेला एक तरुण आला. त्याला मावशींचा कार्यक्रम करायचा होता.

मावशी दोनदा नाही म्हणाल्या. "लई वर्सं झाली, बाई. आता सोडून द्या ते."

मी सोडलं नाही. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, असं मी घरी सांगायचे. खरं सांगायचं तर 'ह्या बाईंनी शोधून काढलं' असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. शेवटी त्या तयार झाल्या, बहुतेक माझ्या कटकटीलाच कंटाळून.

कार्यक्रमाच्या आधी त्या तरुणाचा फोन आला. "बाई, तुमच्याकडची कॅसेट द्या. आधी जुना आवाज वाजवू, मग त्या त्यातच गायला लागतील. त्यांना सांगू नका हं, एकदम स्टेजवरच कळू दे." मी वडिलांची ती कॅसेट नेऊन दिली.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल भरलेला होता. मावशी जांभळ्या काठाचं नवं लुगडं नेसून आल्या. पहिल्या गाण्याला आवाज चिरकला, तशा त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरू झाल्या. तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक हलेनासे झाले. माझ्या शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून हातात धरला होता. मला वाटलं, केलं ते बरंच केलं.

मग दिवे मंद झाले आणि कॅसेट सुरू झाली. आधी मावशींचा तरुणपणचा आवाज आला. त्या जरा हसल्या. मग गाण्यातल्या दुसरीचा, मागं राहिलेलीचा आवाज आला. मावशी गर्रकन मागं वळल्या. पडद्याकडं बघत राहिल्या, तिथून कुणी येणार असल्यासारख्या. लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले.

"बंद करा," त्या म्हणाल्या. माईक खाली गेला होता. पहिल्या रांगेत होते म्हणून मला ऐकू आलं. मी धावत साउंडवाल्याकडं गेले आणि गाणं थांबवलं.

मावशींनी माईक तोंडाशी धरला.

"ही माजी धाकटी भन. कॅशेटच्या कंपनीवाला म्हनला, कव्हरावर फोटो एकीचाच बसतो. जत्रंहून येताना जीप उलटली. ती गेली, मी राह्यले." मग साउंडवाल्याकडं बघून म्हणाल्या, "आता लावा परत. पयल्यापासून."

त्या स्टेजवरच खाली बसल्या, पदर डोक्यावर ओढला आणि पूर्ण गाणं ऐकलं. स्वतःच्या ओळींनाही ओठ हलवले नाहीत. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. काहींनी वाजवल्या, काही मोबाईल वर धरून बसले.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, दोन्ही आवाज तुमचेच."

"तुमाला कसं ठाव असनार? पर इचारायचं तरी." मग नेवासा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांच्या रडण्याचा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त पसरला. खरं म्हणजे त्या रडल्या नव्हत्या, पण खाली तसं लिहिलेलं होतं. सोमवारी त्या वेळेवर आल्या, चूल पेटवली, मुलांना वाढलं. माझ्याशी नेहमीसारखंच बोलल्या, मीठ संपलंय, तेल आणायला सांगा. गुणगुणणं मात्र बंद झालं होतं. मी डबा घेऊन त्यांच्याजवळ बसायचे, तर त्या भांडी घासायला उठायच्या. माफी मागायची म्हणून दोनदा मी जवळ गेले आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून परत आले.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांकडून कळलं की मावशींनी काम सोडलं. त्या आता पुतणीला बरोबर घेऊन कार्यक्रम करतात. दोघी समोरासमोर बसून ते गाणं म्हणतात. एक झाला, अजून दोन ठरलेत, त्यातला एक शिर्डीला, म्हणे.

मला त्यांनी बोलावलं नाही. शिर्डीच्या कार्यक्रमाची तारीख मला आधी कळली होती. त्या दिवशी मी बसस्टँडपर्यंत गेले, शिर्डीची गाडी लागलेली होती, आणि मी चढले नाही.