एकसष्टाव्या पानावरची चार भोकं

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणूनच वाचते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावरचं चिंचेचं झाड... मी एकवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, जो आकडा येईल तो खरा. "मला आतून वाटतंय" म्हणणाऱ्या पेशंटला मी सरळ सांगते, आधी टेस्ट करून घ्या. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मला आहे. नवरा तर म्हणाला, गेलीस का तूही त्या कंपूत!

आणि ही भुताची गोष्ट नाही. घाबरायच्या तयारीने बसला असाल तर निराश व्हाल.

आम्ही सोलापूरचे, विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. (त्यांचं बोलणं इथे मराठीतच लिहिते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.) नायना चादरीच्या कारखान्यात कार्डं पाडायचे. म्हणजे असं — चादरीवर जो मोर दिसतो ना, त्याची भोकं आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर पाडावी लागतात, आणि त्या भोकांप्रमाणे मागावरचे धागे उचलले जातात. एक भोक चुकलं की मोराची मान वाकडी, आणि तीही प्रत्येक चादरीवर. नायनांचं सगळं आयुष्य असं चुकलेलं भोक शोधण्यात गेलं. मला वाटतं, रहस्यकथांचं वेड त्यांना त्यातूनच लागलं असावं. शाळा चौथीपर्यंत. मराठी शिकले ते वाचनालयातले खून वाचून. त्यामुळे भाजीवाल्याशी बोलतानाही मध्येच "निर्विकार चेहऱ्याने" म्हणायचे, आणि भाजीवाला बघत राहायचा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अम्मा आणि शेजारच्या दोघीतिघी पडवीत विड्या वळायला बसायच्या. नायना स्टुलावर पुस्तक घेऊन. मराठीत वाचायचे आणि लगेच तेलुगूत सांगायचे. बंगल्याचा दरवाजा करकरला की कात्र्या थांबायच्या, तंबाखू सुपातच राहायची. मग नायना पानात बोट घालून पुस्तक मिटायचे आणि शांतपणे पाणी मागायचे. बायका चिडून काय काय बोलायच्या! त्यात मी भिंतीला टेकून बसलेली, सात-आठ वर्षांची. पोटात जो गोळा यायचा तो इतका छान असायचा की अजून मी त्याच्याच मागे आहे. दुसऱ्याच्या घरात खून झालाय, दार आतून बंद आहे, आणि आपण मात्र आपल्या पडवीत सुरक्षित... यापेक्षा मोठं सुख मला तरी माहीत नाही.

एक नियम होता. एक वाजला की वाचन बंद. सुरा वर उचललेला असो की कुणी कड्यावर लोंबकळत असो. नायना म्हणायचे, "आधी जेवण, मग खून." अम्मा कितीही गयावया करू दे, ताट रिकामं झाल्याशिवाय पुढचं पान नाही.

आता वाचनालयाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आमच्या पेठेतलं खाजगी वाचनालय, एका खोलीचं. चालवणारे बसूकाका. जुन्या वाचकांची तिथे एक पद्धत आहे. रहस्यकथांची नावं सारखीच, कव्हरं फाटून नवी चढवलेली, त्यामुळे वाचलेलंच पुस्तक परत घरी येतं. म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान आणि एक खूण ठरवलेली असते. कुणी पंचविसाव्या पानावर फुली करतं, कुणी शंभराव्यावर बारीक 'र' काढतं. पुस्तक नेण्याआधी ते पान उघडायचं. खूण दिसली की परत ठेवायचं. बसूकाका पुस्तकं खराब करता म्हणून ओरडतात, पण स्वतः पण करतात.

नायनांचं पान एकसष्ट. का, ते कधी सांगितलं नाही. खूण करायची ती कार्डाच्या सुईने, खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून, म्हणजे मागचं पान टोचलं जात नाही. समासात एका ओळीत तीन भोकं, म्हणजे वाचून झालं. आणि मधल्या भोकाच्या खाली चौथं असलं, तर त्याचा अर्थ हे पुस्तक अम्माला वाचून दाखवायचं. हा अर्थ फक्त आम्हा तिघांना माहीत होता.

नायना जाऊन चार वर्षं झाली.

अम्मा एकटीच राहते, माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर. आमच्याकडे ये म्हटलं तर पडवी सोडत नाही. शुगर आहे, दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. ते तिला मीच शिकवलं. नायना गेल्यावर काही महिन्यांनी ती मला म्हणाली होती, "पद्मा, तू वाचून दाखव की गं." मी म्हटलं, अम्मा, लॅब, घर, मुलं... वेळ कुठाय? तुला अक्षरं येतात, मी मोठ्या टाइपची पुस्तकं आणते, तूच वाच. ती हळूहळू वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मला फार अभिमान वाटायचा. मी लोकांना सांगायचे, आमची अम्मा या वयात रहस्यकथा वाचते.

दुपारचा वेळ माझा. लॅबची सकाळची पाळी साडेबाराला सुटते. जेवून सव्वाला मी पलंगावर आडवी होते, मोबाइल सायलेंट, दाराला आतून कडी. पाच वाजेपर्यंत घरात आग लागली तरी मी उठत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या एप्रिलमध्ये बसूकाकांकडे पुण्याहून नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला. मी समोरच उभी होते. त्यांनी माझ्यासमोर सुतळी कापली. त्यातलं एक मी उचललं, वरचं प्लॅस्टिक मीच फाडलं. शाईचा वास येत होता. बसूकाकांनी पहिल्या पानावर शिक्का मारला आणि म्हणाले, "पहिली वाचणारी तूच बघ. खुनी कोण ते मला सांगू नको मात्र." नवंकोरं पुस्तक, त्यामुळे खुणेचं पान बघायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू केलं. काय पकडलं होतं त्याने! बंद गोदाम, आत एक प्रेत, आणि चावी प्रेताच्याच खिशात. पहिल्या साठ पानांत मला एकदा पाणी प्यावंसंही वाटलं नाही. पान उलटलं... आणि एकसष्टावर समासात चार भोकं. तीन ओळीत, एक खाली.

मी आधी हसले. छपाईतला काहीतरी दोष असणार. पान खिडकीशी धरलं, उजेड चार ठिपक्यांतून आला. मागचं पान बघितलं, त्याला काहीच नाही. पुढच्यालाही नाही. आतापर्यंत इतकी रहस्यं सोडवली, हेही सोडवू, असं म्हणून परत वाचायला लागले. पण एक ओळ डोक्यात जाईना. मला राग आला — माझी दुपार फुकट जात होती.

लॅबमध्ये शंका आली तर आम्ही काय करतो? खात्रीचं सॅम्पल शेजारी ठेवून तुलना करतो. अम्माकडे नायनांचं एक पुस्तक होतं, वाचनालयाने जुनी पुस्तकं काढली तेव्हा आणलेलं, चार भोकांचं. ते आणायचं, भोकांमधलं अंतर मोजायचं, फरक दिसला की विषय संपला. खरं तर हे संध्याकाळीही करता आलं असतं. सोलापूरचं एप्रिलमधलं सव्वादोनचं ऊन ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, त्या वेळी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. तरी मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून, स्वतःवरच चरफडत निघाले. का निघाले, हे मला आजही सांगता येत नाही.

अम्माचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, चष्मा नाकावर, पुस्तक मांडीत. झोपली असेल म्हणून मी आवाज न करता सरळ कपाटाकडे गेले. कपाट उघडलंही. तेव्हा शेगडीजवळचं ताट दिसलं. झाकलेलं. झाकण उचललं तर भाकरी आणि डाळ तशीच.

मी वळले. पंखा डोक्यावर फिरत होता आणि अम्माचं कपाळ घामाने ओलं होतं. हात लावला तर गार. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले आणि ती काहीतरी पुटपुटली, त्यात माझं नाव नव्हतं. इन्सुलिनचं पेन उशाशी पडलेलं. 

गिळता येतंय का ते आधी बघितलं. येत होतं. साखरेचं पाणी केलं, चमच्या-चमच्याने पाजलं. तिच्याच मशीनवर बोट टोचलं, साखरेचा आकडा चाळिशीच्याही खाली. शेजारच्या घरात ओरडून सांगितलं, त्यांनी रिक्षा बोलावली. रिक्षा येईपर्यंत पंधरावीस मिनिटं गेली असतील. मी तिला धरून बसले होते आणि मनात नायनांनाच शिव्या देत होते, की तुम्ही असता तर एक वाजता पुस्तक मिटलं असतं.

मग अम्माने डोळे नीट उघडले. माझ्याकडे बघितलं, चष्मा चाचपला आणि म्हणाली, "मी कुठं होते गं? त्यो तळघरात उतरत होता की."

मी तिला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर बघितलंत, अजून तास गेला असता तर सांगता येत नव्हतं. संध्याकाळी घरी सोडलं. झालं होतं ते एवढंच — साडेबाराला इन्सुलिन घेतलं, ताट वाढलं, आणि एवढं प्रकरण संपवून जेवू म्हणून पुस्तक हातात घेतलं. बोटाने वाचणारी बाई ती, तिचं प्रकरण दोन तासांचं. इन्सुलिन तेवढं थांबत नाही, पोटात काही नसलं की साखर उतरतच जाते. ही चूक आमच्याच घरात होऊ शकते. आणि ते पुस्तक मीच तिच्या हातात दिलं होतं.

आता तुमच्या मनात येईल ते सगळं माझ्याही मनात येऊन गेलं आहे. बसूकाकांना विचारलं. त्यांनी देवाची शपथ घेतली, गठ्ठा उघडलेला नव्हता. पुस्तक याच वर्षी छापलेलं. नवी पेठेतल्या एका दुकानात त्याचीच दुसरी प्रत बघितली, एकसष्टावं पान स्वच्छ. भोकांमधलं अंतर मी लॅबमधल्या बारीक पट्टीने मोजलं. नायनांच्या जुन्या पुस्तकातलं आणि यातलं, तंतोतंत एक. नवऱ्याचं म्हणणं, तूच तंद्रीत टोचली असशील. हेही मी विचारात घेतलं. पण पलंगावर सुई नव्हती, खाली पुठ्ठा नव्हता, आणि हे अंतर तोपर्यंत मी कधी मोजलेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी ते पान अम्माला दाखवलं. तिने भोकांवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, अम्मा, हे कसं झालं असेल? तिला त्यात कोडं असं काही दिसलंच नाही.

"चार हायती की," ती म्हणाली. "मग वाच ना. कशाला बसलीस?"

मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचलं. मराठीत वाचायचं, तेलुगूत सांगायचं. मला ते जमतं हे मलाच माहीत नव्हतं. नऊ दुपारी लागल्या. शेजारच्या एक मावशीही येऊन बसायला लागल्या. खुनी ओळखण्यात मी चुकले, अम्माने तिसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. गोदामाच्या रखवालदाराला दोनदा चहा का प्यायला लागला, तिथेच तिने पकडलं.

परत करायच्या आधी तिने शिवणाच्या डब्यातून नायनांची सुई काढली. खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, आणि चार भोकांच्या शेजारी एक पाचवं पाडलं. चाळीस वर्षं ती फक्त ऐकत होती. तिची खूण कुठल्याच पुस्तकात नव्हती. "हे माझं," म्हणाली. बसूकाकांनी बघितलं, पण ओरडले नाहीत.

 लॅबमध्ये सॅम्पलचं काही कळलं नाही तर आम्ही परत टेस्ट करा असं लिहितो, पण ही टेस्ट परत करून बघायची मला अजिबात इच्छा नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी वाचेन. नाही सुचलं तरी माझी तक्रार नाही. अम्मा आहे, मला तेवढं पुरतं.

माझी दुपार आता तिच्या पडवीत जाते. सव्वाला मी पोचते, तेव्हा ती दारातच बसलेली असते. आधी रिकामं ताट उचलून मला दाखवते, नीट दोन्ही बाजूंनी, आणि मग चष्मा पुसत म्हणते, "जेवण झालं. आता खून."