दंडावरचा पट्टा फुगला तेव्हा

“तुम्हाला हायपरटेन्शन आहे, म्हणजे उच्च रक्तदाब,” मुलुंडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “पण कामावर तो किती चढतो, ते मला बघायचंय.”

औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात मी नुकताच प्लांट मॅनेजर झालो होतो. घरातला पहिला पदवीधर. गावी वडिलांची उजवी बाजू याच आजाराने गेली, तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. आता ही खुर्ची सोडावी लागणार, या धास्तीनेच मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी अँब्युलेटरी बीपी मॉनिटर लावला. दंडाला पट्टा, कमरेला छोटं यंत्र. ठरावीक वेळाने पट्टा आपोआप फुगतो आणि दाब नोंदवला जातो. टेक्निशियनने बजावलं, “रोजची कामं करा. फक्त पट्टा फुगला की हात खाली सोडायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही.”

त्याच सकाळी ग्राहक कंपनीचे साहेब रंग पास करायला आले. पहिला छापील कागद त्यांनी मान्य केला की मगच मशीन पूर्ण वेगाने धावतं. त्यांच्याशी बोलणं हे क्वालिटीच्या रेखा सावंतचं काम. पण ती तोंड उघडायच्या आत मीच उत्तर द्यायचो.

“हा निळा जास्त गडद नाही वाटत?” साहेबांनी विचारलं.

माझे कान तापले, छाती धडधडली. मी पुढे सरकलो आणि पट्टा फुगला.

हात सोडून मी गप्प उभा. रेखाने माझ्याकडे पाहिलं, मग कागद उचलला. “सर, शाई ओली आहे. वाळली की रंग थोडा उतरतो. जरा थांबून नमुन्याशेजारी ठेवून बघू या.”

रंग जुळला. साहेबांनी सही केली.

“साहेब, हा पट्टा रोज बांधा ना,” मशीनवरचा परब म्हणाला. “आज काम झटपट आटोपलं!” सगळे हसले, मीसुद्धा.

रिपोर्ट बघून मॅडमनी विचारलं, “इथे सगळ्यात जास्त आहे. भांडण झालं होतं का?”

“नाही मॅडम. गप्प उभा होतो. एरवी माझ्या माणसांच्या आधी मीच उत्तर देतो, त्या दिवशी पट्ट्यामुळे थांबलो.”

“संकट आलं असं वाटलं की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. त्याने दाब चढतो, माणूस झेप घेतो. एरवी तुम्ही लगेच बोलून मोकळे होता, म्हणून हे जाणवलं नाही. नोकरी सोडायची गरज नाही. गोळी घ्या, मीठ कमी करा, चाला. आणि लोकांना त्यांचं काम करू द्या.”

ज्याला मी जबाबदारी समजत होतो, त्यात निम्मी भीती होती.

तुमच्या हाताखाली माणसं असतील आणि डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली, तर रजा काढून घरी बसू नका. कामाच्या दिवशीच करा. गोळी मनाने बंद करू नका.

माझा दाब आता आटोक्यात आहे. डॉक्टर मॅडमचे उपकार मोठे, पण रेखाचेही कमी नाहीत. गेल्या महिन्यात रंग बिघडला म्हणून तिने परस्पर मशीन थांबवलं, दुरुस्त केलं, चालूही केलं. मला नंतर कळलं.

“मला बोलावलं का नाहीस गं?”

“सर, तुम्ही जेवत होतात.”

खरंच, त्या दिवशी मी अगदी निवांत जेवलो होतो.