हातमोजेवाले सर

हिंगोलीच्या मे महिन्यात रबरी हातमोजे घालून फिरणारा माणूस एकच होता. नव्वदच्या दशकात ते आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. खरं नाव हजेरीपटावर. बाकी सगळे त्यांना हातमोजेवाले सर म्हणत. प्रयोगशाळेत कोणी टेबलावर हात टेकला की ते ओरडत, "हात काढा आधी!"

कारण विचारलं की मात्र खुलत. "आरएनए म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं त्याची चिठ्ठी. पेशीच्या पडद्यात एक एंझाइम असतं, ते चिठ्ठी फाडून टाकतं. चिठ्ठी गेली, प्रोटीन बंद! आन् तसलंच एंझाइम तुमच्या हाताला बी हाय." पडद्यातलं ते एंझाइम हा त्यांच्या पीएचडीचा विषय. लागणारा बर्फ ते सिद्धेश्वर धरणावरच्या मासेवाल्यांकडून आणत. त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे.

कळमनुरीकडच्या बंजारा तांड्यावर त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. पोरगं डॉक्टर होणार, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते तेच सांगत.

शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता. मध्येच खंडेनवमी आली. प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी भक्तिभावाने सरांच्या काचनळ्या ताटात मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि धुऊन परत जागेवर ठेवल्या. सरांना पत्ताच नाही. पुढे प्रयोगात पडद्याचा अंश घातलेल्या नळीत प्रोटीन बनलं नाही, ते ठीक; पण न घातलेल्या नळीत बनायलाच हवं होतं, तिथेही बनलं नाही. नळीच्या काठाला हळद दिसली तेव्हा सरांना कळलं, मामांच्या हाताचं एंझाइम नळ्यांत उतरलं होतं. मामांना एका शब्दाने बोलले नाहीत.

"दुसऱ्या नळीचं लिहूच नका. कोण बघतंय?" आमच्यातल्या एकाने सुचवलं. रसायनं हैदराबादहून पुन्हा मागवायची म्हणजे वर्ष गेलंच. सरांनी मागवली. मला त्यांचा रागच आला. म्हाताऱ्याजवळ तेवढं वर्ष नव्हतं.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर तांड्यावर गेलो. मी होतो म्हणून वडील मराठीत बोलले.

"झाला का डागदर?"

"न्हाई, बा. चुकलं. पुन्हा करून राहिलो."

म्हातारा म्हणाला, "व्हय म्हनला असतास, तर मला कुठं कळनार होतं?"

"म्हनूनच न्हाई म्हनलो."

वडील उन्हाळ्यात वारले. प्रयोग पोळ्याच्या सुमारास जमला. त्या दिवशी सर माझ्याजवळ येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "आता व्हय म्हनता आलं असतं."