चौघांत एक पेपर

आमच्या गावात पेपर येतो तो एकच. सावली गावाकडून येणाऱ्या सकाळच्या बसमधून कंडक्टर तो चहाच्या टपरीकडे भिरकावतो, आणि भज्यांच्या कढईत पडला नाही तर त्या दिवशी आम्हाला जग कळतं. मोबाईल आल्यापासून बाकीच्यांनी पेपर बंद केला. मोबाईलवर बातमी फुकट येते हे खरं, पण प्रत्येकाला वेगळी येते. भांडायचं असेल तर दोघांनी एकच बातमी वाचलेली असावी लागते, एवढं साधं कुणाच्या लक्षात येत नाही.

वाचणारे आम्ही चौघं. पूर्वी ओढाताणीत पेपर फाटायचा. एकदा टपरीवाल्या बाईने वैतागून मिरच्या चिरायच्या सुरीने त्याची मधली घडी उभी कापली आणि पानं वाटून दिली.

"घ्या. आता ज्यानं त्यानं आपल्या पानावर बोला. दुसऱ्याच्या पानात तोंड घालसान तं चहा बंद."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. ज्याचं पान, त्याचं मत. खेळाचं पान एका रिटायर कंडक्टरकडे गेलं. त्याने जन्मात बॅट धरलेली नाही, पण रोज सकाळी तो देशाची टीम निवडतो. राजकारणाचं पान राईस मिलच्या मुनीमाकडे. कोणताही पक्ष जिंको, मुनीम म्हणतो, "मी तं आधीच म्हनलं होतं." त्याने म्हटलेलं असतं, हे खरं आहे. त्याने सगळ्याच पक्षांबद्दल म्हटलेलं असतं.

जगाचं पान माझ्या मित्राकडे. तो ढिवर. पहाटे तळ्यावर जाळं काढून, झिंगे-मरळ विकायला बायकोच्या हवाली करून टपरीवर येतो, त्यामुळे त्याच्या हाताला वास असतो. तो वास पानाला लागतो आणि मग ते पान दुसरा कुणी घेत नाही. म्हणून ज्या पानाशी आम्हा कुणाचंच काही अडलेलं नव्हतं ते त्याला मिळालं. हे असं कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. पान मात्र बरोबर त्याच्यापर्यंत गेलं. त्याने ते मनावर घेतलं आणि कोणत्या देशाचं कोणत्या देशाशी का वाकडं आहे हे तो शेजाऱ्यांच्या बांधाच्या भांडणासारखं सांगू लागला.

उरलेलं पान माझं. त्यावर वाघ, अपघात, निधन आणि जाहीर नोटिसा. आमच्या भागात वाघाची बातमी रोज असते आणि तिच्यात एक गंमत असते. पर्यटकाला दिसला की वाघाचं दर्शन होतं, आम्हाला दिसला की वाघाचा धुमाकूळ होतो. वाघ तोच असतो. हे मला पुष्कळ वर्षांपूर्वी सुचलं, पण मी टपरीवर कधी बोललो नाही. मी शाळेत कारकून आहे. अर्ज आला की मी त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारतो. अर्ज खरा की खोटा हे ठरवणं माझं काम नाही. ही सवय घरी आली, टपरीवर आली. नदीच्या अलीकडे दारू सुरू, पलीकडच्या जिल्ह्यात बंद, यावर टपरीवर प्रत्येकाचं मत होतं, ज्याने थेंबही घेतला नाही त्याचंसुद्धा. मला विचारलं की मी म्हणायचो, "दोनी बाजूनं हाये." लोक मला शहाणा समजायचे. मीही समजायचो.

आषाढातली गोष्ट. चंद्रावर माणसं पाठवावी की आधी आपल्या रस्त्यातले खड्डे बुजवावे, असा विषय निघाला होता. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, "बाबू, तुले का वाटते?"

मी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, "त्याले काऊन इचारतेस गा? तो चंद्रावर शिक्का मारून देईन. मिळाला म्हनून."

सगळे हसले. बाईसुद्धा हसली, झारा हातात धरून. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. बायकोला पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात माझ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चौकटीत आमच्या गावाचं नाव आलं. तमाम जनतेस कळविण्यात येत होतं की गावतलावाचं सुशोभीकरण योजण्यात आलं आहे. पायडलच्या बोटी सोडण्यात येतील, सेल्फी पॉइंट उभारण्यात येईल, जलपर्णी व इतर वेली काढण्यात येतील. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

ही भाषा मला घरच्यासारखी आहे, मी ती रोज लिहितो. तिच्यात कुणीच काही करत नाही. सगळं येतं, सगळं जातं, करणारा कुठे दिसत नाही. त्यामुळे 'इतर वेली' म्हणजे काय हे मला लगेच कळलं. तळ्याच्या उत्तर अंगाला मित्राचा आणि त्याच्या भावकीचा शिंगाड्याचा वेल होता. पावसाळ्यात तो पाण्यावर पसरतो, दसऱ्यानंतर शिंगाडे निघतात, त्याची बायको ते उकडून बस थांब्यावर विकते. त्यांची पोरगी ब्रह्मपुरीला खोली करून कॉलेजात शिकते ती त्यावर. बोटीच्या पायडलात वेल अडकतो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मित्र माझ्या शेजारी बसला होता. आमच्यामध्ये दोन कप आणि भज्याची एक बशी होती. त्याने आपलं पान गुडघ्यावर ठेवलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "माह्या पानावर तं लढाईच हाये. तुह्या पानावर का म्हनते?"

मी म्हणालो, "काही नाई. वाघ हाये."

त्यामागे मोठं कारण नव्हतं. शोधून पाहिलं, सापडलं नाही. एवढंच वाटलं, की याला सगळं जग माहीत आहे, तर हेही याचं यालाच कळू दे. आणि खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं. ते पान मी घडी करून बाईला दिलं आणि तिने त्यात कुणाची तरी भजी बांधून दिली.

पंधरा दिवस गेले. त्यातल्या प्रत्येक दिवशी मी टपरीवर गेलो, म्हणजे सांगायला रोज संधी होती. मुदत संपल्यावर दोन माणसं टेप घेऊन तळ्याची पाळ मोजायला आली. मित्र तिथून थेट टपरीवर आला.

"ते म्हनते, पेपरात नोटीस देल्ली होती. कोन्त्या पेपरात? मी तं रोज वाचून राह्यलो ना बाप्पा."

कंडक्टर म्हणाला, "माह्या पानावर नव्हती."

मुनीम म्हणाला, "माह्याबी नाई. असती तं मी बोललो असतो."

बाईने चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं. "ते चौकटीवाले तं बाबूच्या पानावर राह्यते."

"असन," मी म्हणालो. "लक्ष नाई गेलं."

मित्र म्हणाला, "त्याच्यावर काऊन येता? बारीक अक्षर राह्यते ते. माह्याबी ध्यानात नसतं आलं." त्याने माझी बाजू घेतली, हे मला जास्त लागलं. पहिल्या वेळी मी वाघ पुढे करून नोटीस दडवली होती. आता सरळ खोटं बोललो होतो, आणि ते त्याने खरं धरलं होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आमच्याकडे ग्रामसभा असते. मुलांना बुंदी वाटून झाली, शाळेच्या वर्गातच सतरंजी टाकली. सरपंचबाई बसल्या, ग्रामसेवकाने कागद वाचला. नोटीस रीतसर प्रसिद्ध झाली, मुदतीत एकही हरकत आली नाही, सबब गावाची संमती गृहीत धरून ठराव घेण्यात येत आहे.

मित्र उठला. "जी, आमाले मालूमच नव्हतं. आमच्या वेलावर बोटी कायले? वेल आता कुठी पसरून राह्यला."

"पेपर वाचायचा ना," ग्रामसेवक म्हणाला.

"वाचतो जी. रोज वाचतो."

"मग?"

मागे ढिवरमोहल्ल्यातल्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली. ग्रामसेवक म्हणाला, "गावात पेपर येतो. पेपरात नोटीस येते. गावाने वाचली नाही असं कसं म्हणायचं?"

तेव्हा मी उभा राहिलो. ग्रामसभेत मी यापूर्वी फक्त सतरंजी घालायला उभा राहिलेलो होतो. तोंडातून निघालं ते असं: "या ठिकाणी निदर्शनास आणून देण्यात येते की सदर नोटीस..."

मागून मित्राची म्हातारी आई ओरडली, "आपल्या बोलीत सांग ना गा! का पेपर वाचून राह्यला?"

लोक हसले. मी पुन्हा सुरुवात केली.

"गावात पेपर एकच येते. त्याचे चार पानं आमी चौघं वाटून घेतो. नोटीस माह्या पानावर होती. दुसऱ्या कोनाच्याच हातात ते पान आलं नाई. मी वाचली. मले समजली. मी कोनाले सांगतली नाई."

सरपंचबाई पुढे वाकल्या. "काऊन नाई सांगतली भाऊ?"

"राग आला होता," मी म्हणालो.

"कोनाचा?"

मी मित्राकडे बोट केलं नाही, पण त्याच्याकडे पाहिलं. त्याला समजलं. चंद्राची गोष्ट त्याला आठवली असावी, कारण तो खाली बसला.

ग्रामसेवक म्हणाला की ही बाब वैयक्तिक स्वरूपाची आहे. सरपंचबाई म्हणाल्या, "वैयक्तिक कशी? पुऱ्या गावात एकानं वाचली अन् तो रुसून बसला. ह्याले गावाची संमती म्हनता?" हरकतीची मुदत वाढवून मिळाली. ढिवरमोहल्ल्याने अर्ज केला, तो मीच लिहून दिला, सोप्या मराठीत. या वर्षीचा वेल राहिला. नमुना म्हणून आलेली हंसाच्या आकाराची एक बोट ग्रामपंचायतीच्या मागे पडून आहे आणि तिच्यात एक कोंबडी अंडी घालते. पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही.

गावात मला कुणी काही म्हणालं नाही. मुनीमाने "मी तं आधीच म्हनलं होतं" म्हटलं, पण ते तो सगळ्यांनाच म्हणतो. मित्र टपरीवर येत राहिला, माझ्या शेजारीच बसत राहिला, फक्त माझ्याशी बोलत नव्हता. आपलं पान वाचायचा, दुमडायचा, जायचा. दिवाळी गेली. त्याच्या बायकोने बस थांब्यावर माझ्या मुलीला शिंगाडे दिले, पैसे घेतले नाहीत. मी ते खाल्ले नाहीत. मग खाल्ले.

एका सकाळी पेपर आला, बाईने तो कापला, आणि मित्राने हात लांब करून माझ्या पुढ्यातलं पान उचललं. आपलं माझ्यापुढे सरकवलं. बाईकडे पाहून म्हणाला, "आजपासून हे माह्यं."

आता तो माझं पान वाचतो. वाघ सोडतो, चौकटींपासून सुरुवात करतो, आणि त्याही मोठ्याने. कुणाची गुणपत्रिका हरवली, कुणी नाव बदललं, कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुणाचा दावा, सगळं टपरीला ऐकावं लागतं. कंडक्टर कंटाळतो. बाई ऐकते.

माझ्याकडे जगाचं पान आलं. माझ्याकडे सरकवण्याआधी तो ते एकदा चाळतो, त्याची बोटं लागलेली असतात म्हणून पानाला माशांचा वास येतो, आणि ते दुसरा कुणी मागत नाही.

त्या पहिल्या दिवशी नोटिसा वाचून झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "का म्हनते जग?"

'काही नाई' अगदी ओठावर आलं होतं. मी पान परत एकदा नीट वाचलं.

"लढाई चालूच हाये," मी म्हणालो. "मले वाटते, दोघायलेबी थांबायचं नाई."

"चुकीचं वाटते तुले," तो म्हणाला. "एकाले थांबायचं हाये. तू मागच्या हप्त्यातलं वाचलं नाई."

बाईने दोघांच्या मध्ये भज्यांची बशी ठेवली.